सुपरिंटेंडेंटच्या निरोपाच्या वहीत काय लिहू? (करोना, शाळा आणि आपण पालक)

चिंचगूळ
मंडळी, एक अडचण आहे. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचे सुपरिंटेंडेंट या जूनअखेर निवृत्त होतायत. पीटीओवाल्या (पालक-शिक्षक संघटना) बाईंनी एक वही फिरवायला काढली आहे. प्रत्येक घराने दोन ओळी लिहायच्या, शुक्रवारपर्यंत. वही माझ्याकडे रविवारी आली आणि तेव्हापासून फ्रिजवर पडून आहे. (न्यू जर्सी. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, निम्मं गाव इथे वाचनमात्र असतं.)

२०२० पर्यंत हा माणूस आम्हाला फक्त आवाजाने माहीत होता. बर्फ पडला की पहाटे पाचला फोन यायचा, आज शाळा नाही. बास, एवढाच संबंध. मग करोना आला. १८ मार्च २०२० ला गव्हर्नर मर्फींनी राज्यातल्या सगळ्या शाळा बंद केल्या, तो काही यांचा निर्णय नव्हता. मेमध्ये 'हे वर्ष संपेपर्यंत बंदच' ठरलं, तेही वरून. पण ऑगस्टमध्ये राज्याने हे लोढणं बऱ्यापैकी डिस्ट्रिक्टांच्या गळ्यात अडकवलं आणि तिथून आमचे हाल सुरू झाले. आधी म्हणाले हायब्रिड (काही दिवस शाळेत, काही दिवस घरून). शाळा उघडायला आठ दिवस असताना म्हणाले पूर्ण ऑनलाइन. ऑक्टोबरात परत हायब्रिड, थँक्सगिव्हिंगनंतर परत घरी. मुलगी मिडल स्कूलच्या ए गटात, मुलगा एलिमेंटरीच्या बी गटात, म्हणजे घरात आठवडाभर कोणी ना कोणी झूमवर. आणि प्रत्येक बदलाचा ईमेल शुक्रवारी संध्याकाळी पावणेपाचला. तीन पानी. वाचून झाल्यावरही सोमवारी शाळा आहे की नाही ते कळायचं नाही. वकिलाने लिहून द्यावा तसा मजकूर.

आता दुसरी बाजू. एप्रिल २०२० मध्ये हायस्कूलच्या पार्किंग लॉटमध्ये क्रोमबुक (मुलांसाठी छोटे लॅपटॉप) वाटत होते. धो धो पाऊस. गाडीतून उतरायचं नाही, फक्त डिकी उघडायची. पिवळा रेनकोट घातलेला एक माणूस आला, मास्क भिजून तोंडाला चिकटलेला. माझ्या डिकीत तेव्हा आट्याच्या दोन गोण्या आणि तूरडाळीचं पोतं होतं (हसू नका, तुमच्याही होतं). त्याने खोका त्यावर ठेवला, वर स्वतःचं प्लास्टिक पांघरलं आणि म्हणाला, तुमची तयारी जोरात दिसतेय. पुढच्या गाडीकडे गेला तेव्हा आवाजावरून ट्यूब पेटली. पहाटे पाचचा आवाज!

तर, तुमच्या सुपरिंटेंडेंटांनी त्या काळात कसं काम केलं असं आज वाटतं? आणि मी काय लिहू?

कोथरूडकर
आमच्याकडे सुपरिंटेंडेंट दोनच. एक तुरुंगाचा, एक वसतिगृहाचा. तुमचा नेमका कुठला?

चिंचगूळ
२०२० साली दोन्ही :)

निशिगंध_७६
कोथरूडकर, नगरपालिकेचा मुख्याधिकारी असतो ना, तसा. स्कूल बोर्ड म्हणजे नगरसेवक. गावाने निवडून दिलेले, न्यू जर्सीत तर बिनपगारी. ते सुपरिंटेंडेंटला नेमतात आणि तेच काढतात. वर राज्याचं शिक्षण खातं, बाजूला आरोग्य खातं, समोर शिक्षकांची युनियन. निर्णय दहा जणांचे, शिव्या एकाला. त्यामुळे चिंचगूळ, पावणेपाचच्या ईमेलमागे चार वाजता संपलेली वकिलासोबतची मीटिंग असणार हे माझं मत. मी दुसऱ्या एका गावात बोर्डाच्या एका समितीवर होते, आतून थोडं पाहिलंय. आमच्या साहेबांनी एका महिन्यात तीन वेळा बसचं वेळापत्रक नव्याने लावलं, कारण एका सीटवर एकच मूल बसवायचं तर तेवढ्या बस आणायच्या कुठून?

नवशिका_बाप
माझं मत कडू आहे, आधीच सांगतो.

आमच्या घरापासून दोन मैलांवर कॅथलिक शाळा. ती सप्टेंबर २०२० मध्ये उघडली, पाचही दिवस. मास्क तेच, हवा तीच, गाव तेच. आणि आमची सरकारी शाळा पुढच्या एप्रिलपर्यंत आठवड्यातून दोन अर्धे दिवस. माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता. कॅमेरा वर फिरवून दिवसभर बाईंना छताचा पंखा दाखवायचा आणि स्वतः टेबलाखाली लेगो खेळायचा. हे मला फेब्रुवारीत कळलं, कारण बाईंनी बिचाऱ्यांनी ईमेल केला की पंखा छान आहे पण मुलगा दिसत नाही. तिसरीच्या अखेरीस त्याला धड परिच्छेद वाचता येत नव्हता. शिकवणीचे पैसे मी भरले.

आणि हे एकट्या माझ्या पोराचं नाही. २०२२ च्या एनएईपी या राष्ट्रीय चाचणीत २०१९ च्या तुलनेत आठवीचं गणित सरासरी ८ गुणांनी घसरलं, चौथीचं ५. सुपरिंटेंडेंट हे काही हवामान खातं नव्हे की काय करणार बुवा, पाऊस पडला. त्यांना पगार निर्णय घ्यायचाच मिळत होता. मी असतो तर वहीत लिहिलं असतं: तुम्ही शाळेऐवजी स्वतःची खुर्ची सांभाळलीत.

रातपाळी
नवशिका_बाप, एप्रिल २०२० मध्ये मी उत्तर जर्सीतल्या हॉस्पिटलात आयसीयूत नर्स होते. गॅरेजमध्ये कपडे काढून पिशवीत भरायचे, तिथल्या नळावर हातपाय धुवायचे, मग घरात. सात आठवडे मुलीला जवळ घेतलं नाही. आमच्याकडे गॉगल संपले तेव्हा गावातल्या सुपरिंटेंडेंटबाईंनी हायस्कूलच्या सायन्स लॅबमधले गॉगल आणि हातमोज्यांचे खोके पाठवले. खोक्यावर 'केमिस्ट्री, खोली २१४' असं मार्करने लिहिलेलं होतं. त्या गॉगलना आतून वाफ धरायची, पण होते.

तुमचा पंखा वाचून हसले. पण मी जे बघत होते ते बघून कोणी शाळा उघडायची घाई केली नाही म्हणून मला त्या बाईंचा राग कधीच आला नाही.

नवशिका_बाप
रातपाळी, तुमच्यापुढे हात जोडतो, खरंच. एप्रिल २०२० बद्दल माझी काही तक्रार नाही. पण एप्रिल २०२० आणि फेब्रुवारी २०२१ एकाच गाठोड्यात बांधू नका. तोवर शिक्षकांना लस मिळायला लागली होती. मार्च २०२१ मध्ये सीडीसीने (देशाची रोगनियंत्रण संस्था) वर्गातलं अंतर सहा फुटांवरून तीन फुटांवर आणलं. आमच्याकडे मे महिन्यातही टेप घेऊन सहा फूट मोजत होते.

उगाच_कशाला
आमच्याकडे टेप नव्हती, तिघडी प्लेक्सिग्लास (बाकावर उभी करायची पारदर्शक प्लास्टिकची काच) होती. प्रत्येक मुलाला एक. रोज दप्तरातून न्यायची आणायची. लेकीने तिच्यावर मांजरं काढली, त्यामुळे तिला फळा मांजरांच्या मधून दिसायचा. फेडरल सरकारने तीन हप्त्यांत शाळांना जवळपास १९० अब्ज डॉलर दिले म्हणतात. त्यातल्या एका काचेखाली सध्या माझी कोथिंबीर उगवते. उत्तम येते.

संत्र्याची_साल
लॉस एंजेलिसहून. आमचा डिस्ट्रिक्ट देशातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा, न्यूयॉर्कनंतर. तेव्हाचे सुपरिंटेंडेंट ऑस्टिन ब्यूटनर. हा माणूस शिक्षणातला नव्हेच, इन्व्हेस्टमेंट बँकर. २०१८ मध्ये नेमला तेव्हा शिक्षकांनी नाकं मुरडली आणि जानेवारी २०१९ मध्ये सहा दिवसांचा संपही झाला. आम्हीही म्हटलं, हा काय शाळा चालवणार.

१३ मार्च २०२० ला त्यांनी शाळा बंद जाहीर केल्या आणि पुढच्याच आठवड्यात जेवणाची केंद्रं उघडली. मुद्दा असा की कोणाला ओळखपत्र विचारायचं नाही. मूल कुठल्या शाळेचं, कागद आहेत का, काही नाही. मोठ्या माणसांनाही द्यायचं. आमच्या गल्लीतला टॅको गाडीवाला, धंदा बंद, रोज सकाळी रांगेत. वर्षभरात १० कोटींहून जास्त जेवणं वाटली गेली. मी दोन महिने केंद्रावर पिशव्या भरायला जायचे. दुधाचा डबा, सफरचंद, प्लास्टिकमधलं गार सँडविच. आपल्या पोरांनी नाक मुरडलं असतं असं जेवण, पण एक आजी पिशवी घेतली की तिथेच उघडून दूध आधी प्यायच्या.

शिवाय दर सोमवारी हा माणूस व्हिडिओवर यायचा, काय चाललंय ते सांगायचा. कंटाळवाणा होता बोलायला, पण यायचा. आता तक्रार: प्राथमिक शाळा उघडल्या थेट एप्रिल २०२१ मध्ये. एक वर्ष एक महिना. आणि जून २०२१ मध्ये कंत्राट संपल्यावर साहेब गेले. मग चांगला की वाईट? मला अजून ठरवता आलेलं नाही, मला दोन्ही आठवतं.

नवशिका_बाप
म्हणजे अन्नछत्र उत्तम चालवलं, शाळा नाही. हे माझंच म्हणणं झालं की.

उगाच_कशाला
पण तुमच्याच त्या २०२२ च्या चाचणीत लॉस एंजेलिसचं आठवीचं वाचन ९ गुणांनी वर गेलं होतं. देशभर खाली, तिथे वर. आता?

संत्र्याची_साल
मीच सांगते, त्यावर फार उड्या मारू नका. चौथीचे आकडे तसे नाहीत. शिवाय त्या दोन वर्षांत आमच्या शाळांतून इतकी मुलं गेली की तेच गट राहिले का हाच प्रश्न. ९ गुण हे काही बंद शाळेचं फळ नव्हे. पण 'जितके दिवस बंद तितकी घसरण' असं सरळ त्रैराशिकही मांडता येत नाही.

वांग्याचं_भरीत
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. जरा सरका.

लोनस्टार_जोशी
टेक्सासची गंमत उलटी. आमच्याकडे ऑगस्ट २०२० मध्येच निवड होती, घरून किंवा शाळेत. आम्ही शाळा निवडली. भांडण पेटलं ते पुढच्या वर्षी, मास्कवरून. गव्हर्नर ॲबट यांनी हुकूम काढला की कोणत्याही डिस्ट्रिक्टने मास्कची सक्ती करायची नाही. डॅलस आयएसडीचे (तिथला स्कूल डिस्ट्रिक्ट) सुपरिंटेंडेंट मायकेल हिनोहोसा यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये सक्ती केली. गव्हर्नर एकीकडे, हा दुसरीकडे, मामला कोर्टात. तेव्हा १२ वर्षांखालच्या मुलांना लस नव्हती, ५ ते ११ वयाच्या मुलांसाठी ती नोव्हेंबरात आली.

मी राहतो शेजारच्या एका उपनगरात. आमच्या साहेबांनी काय केलं? 'मास्कचा आदर करावा, मास्क न घालण्याचाही आदर करावा' अशा अर्थाचं पत्र. बायको म्हणाली, हा माणूस लग्न जमवायला बरा, दोन्हीकडच्या सोयऱ्यांना खूश ठेवेल. गावात मात्र ते लोकप्रिय. हिनोहोसांच्या दारात निदर्शनं आणि आमच्यांना टाळ्या. आता नेतृत्व कोणाचं म्हणाल?

निशिगंध_७६
जोशीबुवा, कोणी भांडलं नाही म्हणजे चांगलं काम केलं, असंच बोर्डांनाही वाटतं. झूमवरच्या त्या सभा आठवतात का? प्रत्येक पालकाला तीन मिनिटं. आमची एक सभा रात्री दीड वाजता संपली. एक गृहस्थ आंघोळीच्या टॉवेलवर आले होते, व्हिडिओ बंद करायला विसरून.

कोथरूडकर
हे तीन मिनिटांचं आमच्या सोसायटीच्या सभेला लागू करता येईल का?

माझी_चिमणी
धागा वाचत होते, लिहिणार नव्हते. लिहितेच.

माझी मुलगी ऑटिस्टिक. २०२० मध्ये सात वर्षांची. आयईपीत (शाळेने तिच्यासाठी आखलेली खास योजना) आठवड्याला तीन तास स्पीच थेरपी, दोन तास ऑक्युपेशनल थेरपी, आणि वर्गात तिच्यासाठी एक पॅरा, म्हणजे मदतनीस. मार्चनंतर सगळं स्क्रीनवर. थेरपिस्ट 'हॅलो' म्हणाली की मुलगी लॅपटॉपचं झाकण बंद करायची. रागाने नाही, अगदी हळू. दार लावावं तसं. जे चाळीस शब्द आले होते त्यातले जूनपर्यंत अकरा उरले. मी मोजत होते.

आमच्या सुपरिंटेंडेंटांचे त्या वर्षातले सगळे ईमेल माझ्याकडे आहेत. खेळांच्या मोसमावर आहे, प्रॉमवर आहे, ग्रॅज्युएशनच्या गाड्यांच्या मिरवणुकीवर तर दोन आहेत. आमच्या मुलांवर एक वाक्य नाही. मी लिहिलं, पुन्हा लिहिलं, उत्तर यायचं की राज्याच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कार्यवाही चालू आहे.

सप्टेंबरात पॅरा स्वतःहून आली. मास्क लावून, आमच्या पोर्चवर. ती काचेच्या बाहेर, मुलगी आत. चित्रांची कार्डं काचेला चिकटवून दाखवायची. वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा, डिसेंबरच्या थंडीतही. मुलगी काचेवर बोट ठेवायची आणि शब्द म्हणायची. काचेवर तिच्या बोटांचे ठसे मी पुढच्या मार्चपर्यंत पुसले नाहीत. सुपरिंटेंडेंटना हे आजही माहीत नाही. माहीत झालं असतं तर विम्याचं कारण सांगून बंद पाडलं असतं, म्हणून आम्ही कोणाला बोललो नाही. चिंचगूळ, तुझ्या गावात अशा मुलांच्या आयांना विचार ते काय लिहितायत.

चिंचगूळ
चिमणी, काय बोलू. विचारते. आमच्या गल्लीतच एक घर आहे आणि मी पाच वर्षांत कधी विचारलं नाही, हे आत्ता कळतंय.

झेडपी_मास्तर
अमेरिकेचं मला कळत नाही, पण काचेवरची कार्डं वाचून राहवलं नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या डोंगरातल्या शाळेवर. १५ जून २०२० ला आमचं वर्ष सुरू झालं, ऑनलाइन. गावात रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर. पटावर ३१ मुलं, स्मार्टफोन घरांत मिळून सहा. ते सहाही फोन बाप कामावर घेऊन जायचे. म्हणून आम्ही पाच-पाच मुलं धरून कधी पारावर, कधी कोणाच्या ओसरीत बसायचो. स्वाध्यायाच्या झेरॉक्स स्वतःच्या खिशातून. पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ घरपोच.

आणि वरून? लिंक. रोज एक लिंक. किती मुलं ऑनलाइन, किती ऑफलाइन, किती टीव्हीवर, आज बारा वाजेपर्यंत भरा. सोबत नाक्यावर ड्युटी, रेशन दुकानावर ड्युटी, मग 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चा सर्व्हे, दारोदार तापमान मोजत.

एकदा आमच्या वरच्या एका अधिकाऱ्यांना फोन केला. नाव सांगत नाही, भला माणूस आहे, अडचणीत यायचा. म्हटलं साहेब, पारावर मुलं बसवतोय, परवानगी नाही, काय करू? दोन क्षण शांत. मग म्हणाले, मास्तर, मला तुमचा आवाज नीट येत नाही, रेंज नाही वाटतं. आणि फोन ठेवला. मी समजायचं ते समजलो. पुढे वर्षभर त्यांनी आमच्या गावाला भेट दिली नाही, आणि तेच आमच्यावर उपकार.

रातपाळी
मास्तर, रेंज नाही वाटतं _/\_

नवशिका_बाप
मास्तरांच्या साहेबांना माझा सलाम. मला हवा होता तो हाच माणूस.

निशिगंध_७६
आणि त्या पारावर एखादं मूल आजारी पडलं असतं, तर याच साहेबांना आपण इथे काय म्हणत असतो?

नवशिका_बाप
तेही खरं. पण मग मीही लिहिलं असतं, चूक झाली, तरी माणसासारखी झाली.

लोनस्टार_जोशी
अवांतर: त्या वर्षी कोणाचे आईबाबा इथे अडकले होते का? माझी आई फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आली ती नोव्हेंबरात परतली. किंडरगार्टनच्या झूमवर नातवाच्या मागे जपमाळ घेऊन बसायची. बाई रोज हजेरीत शेवटी 'गुड मॉर्निंग, आजी' म्हणायच्या. आईने त्या वर्षी इंग्रजी रंग, आकार आणि आठवड्याचे वार पूर्ण केले. प्रमाणपत्र मात्र दिलं नाही.

वांग्याचं_भरीत
आजींनी बोर्डाकडे अपील करावं. तीन मिनिटं मिळतात.

संपादक
एक व्यक्तिगत टिप्पणी उडवली आहे. लशीवरचा वाद त्याच्या स्वतंत्र धाग्यावर न्यावा.

परसातली_तुळस
पहाटेच्या फोनवरून आठवलं. झूम आल्यावर कितीतरी डिस्ट्रिक्टांनी बर्फाची सुट्टीच रद्द केली, घरूनच शाळा म्हणे. पण डिसेंबर २०२० मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या जेफर्सन काउंटीच्या सुपरिंटेंडेंटबाईंनी पत्र काढलं: उद्या ऑनलाइनसुद्धा शाळा नाही, मुलांना बर्फात खेळू द्या, मोठ्यांनीही जरा काळजी बाजूला ठेवावी. ते पत्र देशभर फिरलं. मी ओहायोत बसून वाचलं आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. का ते विचारू नका. त्या वर्षी कशानेही रडू यायचं.

चिंचगूळ
तुळस, थांब. लेकाला आत्ता विचारलं, आता सहावी करतोय, की आपले सुपरिंटेंडेंट तुला आठवतात का. म्हणाला, हो, त्यांनी झूम असतानाही खराखुरा स्नो डे दिला होता. तो दिवस माझ्या साफ विसरण्यात गेला होता! आम्ही शेजारच्या उतारावर कढईच्या झाकणावर बसून घसरलो होतो. स्लेड (बर्फावरची घसरगाडी) कुठल्याच दुकानात मिळत नव्हती.

चिंचगूळ
(गुरुवार, रात्री) अपडेट. गल्लीतल्या त्या घरी गेले होते. बाईंनी चहा केला आणि दीड तास बोलल्या. त्यांना वही आलीच नव्हती. पीटीओच्या यादीत त्यांचं नावच नाही, कारण मुलगा डिस्ट्रिक्टबाहेरच्या शाळेत पाठवला जातो. मी वही तिथेच ठेवून आले. त्यांनी एक अख्खं पान लिहिलंय. मी वाचलं नाही.

माझ्या दोन ओळी अशा: 'पावसात तुम्ही आमच्या क्रोमबुकवर स्वतःचं प्लास्टिक पांघरलंत, ते अजून गॅरेजमध्ये आहे. तुमचे ईमेल मात्र मला शेवटपर्यंत कळले नाहीत.' खाली लेकाने घसरणाऱ्या झाकणाचं चित्र काढलंय. पीटीओवाल्या बाईंचा मेसेज आलाय, दोन ओळी म्हणजे दोन ओळी, पान नको, बाईंडिंगला अडचण होते. त्या पानाचा फोटो त्यांच्या परवानगीने थेट सुपरिंटेंडेंटना ईमेल करणार आहे.

माझी_चिमणी
कर.

नवशिका_बाप
दुसरी ओळ झकास. पहिली काढून टाक :)

उगाच_कशाला
ईमेल उद्या, शुक्रवारी, बरोबर पावणेपाचला पाठव. त्यांना घरचं वाटेल.